खुलं पत्र: आमची फी म्हणजे फुटबॉलची कमाई नव्हे

मा. बोर्ड ऑफ ट्रस्टीजच्या सर्व सदस्यांना,
स.न.वि.वि.

मागच्या मीटिंगमध्ये तुम्ही दोन ठराव पास केलेत. एक, पुढच्या फॉल सेमिस्टरपासून विद्यार्थ्यांची अ‍ॅथलेटिक्स फी वाढणार. दुसरा, अ‍ॅथलेटिक्स डिपार्टमेंटने विद्यापीठाच्या राखीव निधीतून जी उचल घेतलीये तिचे हप्ते अजून पुढे ढकलणार. दोन्ही विषय कन्सेंट अजेंड्यावर, म्हणजे पार्किंग लॉटचं डांबरीकरण, निवृत्त प्रोफेसरांचं अभिनंदन वगैरेंच्या गठ्ठ्यात. कन्सेंट अजेंड्यावर चर्चा होतच नसते, एकाने मांडायचं, दुसऱ्याने अनुमोदन द्यायचं, झालं. मी लाइव्ह स्ट्रीम बघत होते, कुणी एक प्रश्न विचारला नाही. आणि नंतर प्रेस रिलीजमध्ये काय, तर म्हणे "आपला फुटबॉल प्रोग्रॅम आर्थिकदृष्ट्या भक्कम आहे." भक्कम असेल तर फी कशाला वाढवताय आणि हप्ते का थकलेत, हे तुम्हीच सांगा.

हे पत्र इंग्रजीत तुम्हाला ईमेल केलंच आहे. मराठीत लिहितेय कारण हे बिल भरणारी आपली बरीच माणसं आहेत. इथे अमेरिकेत मिडवेस्टमध्ये वर्षानुवर्षं राहणारे आईबाप आहेत, आणि सांगली-नाशिक-नागपूरला बसून बँकेचं एज्युकेशन लोन काढून मुलाला एमएसला पाठवणारेही आहेत. माझी मुलगी तुमच्याकडे नर्सिंगला आहे, भाचा तुमच्याकडेच एमएस करतोय. दोघांच्या बिलात ही फी आहे. भाच्याने स्टेडियम आतून बघितलेलं नाही, त्याची फी रुपयात उचललेल्या आणि व्याज लागणाऱ्या कर्जातून जाते, आणि त्याच्या वडिलांना म्हणजे आमच्या भाऊजींना अजून वाटतं की ती लायब्ररी-लॅबची फी आहे. कारण बिलावर लिहिलंय काय, तर "जनरल फी". त्या ओळीवर क्लिक केलं तर काही होत नाही. फोड बघायची असेल तर बर्सरच्या (फी गोळा करणाऱ्या ऑफिसच्या) वेबसाइटवर खोल कुठेतरी एक पीडीएफ आहे, त्यात समजतं की जनरल फीचा सगळ्यात मोठा तुकडा अ‍ॅथलेटिक्सला जातो. हेल्थ सेंटर, स्टुडंट युनियन, बस सगळे त्याच्या खाली.

आधीच सांगते, मी खेळाच्या विरोधात नाही. मी मूळची कोल्हापूरची, फुटबॉलच्या वेडाबद्दल आम्हाला कुणी शिकवू नये (इथला अमेरिकन फुटबॉल हातात धरून पळायचा, आमचा तो पायाने खेळायचा, पण वेड तेच). शाहू स्टेडियमवर पेठापेठांच्या मॅचला काय गर्दी होते आणि नंतर काय काय होतं ते लहानपणापासून बघितलंय. पण तिथे तालमीची टीम चालते ती वर्गणीवर, देणगीवर, पेठेतल्या हौशी माणसांच्या खिशावर, कुणी ती वर्गणी सगळ्या गावाच्या पाणीपट्टीत घुसवत नाही आणि वर "टीमने स्वतः कमावले" असंही म्हणत नाही. तुमच्याकडे नेमकं हेच झालंय.

मी अकाउंट्सची बाई आहे. पुण्यात आयसीडब्ल्यूए केलं, इथे एका हॉस्पिटलच्या कॉस्टिंगमध्ये काम करते. एका पेशंटचा एक दिवस हॉस्पिटलला कितीला पडतो हे काढणं माझं रोजचं काम, त्यामुळे कुठला खर्च कुठल्या खात्यात टाकला की उत्तर कसं फिरतं हे मला नवीन नाही. म्हणून तुमचा हिशोब जरा बारकाईने वाचला.

पहिली तक्रार हीच, की आमची फी तुम्ही उत्पन्नात धरता.

१९९४ चा एक फेडरल कायदा आहे, त्याप्रमाणे प्रत्येक कॉलेजला खेळांचा जमाखर्च दरवर्षी शिक्षण खात्याला द्यावा लागतो, तो खात्याच्या साइटवर कुणालाही बघता येतो. आपल्या विद्यापीठाचा उघडून बघा. एकूण उत्पन्न आणि एकूण खर्च डॉलरला डॉलर जुळतात. एका सेंटचा फरक नाही! इतक्या वर्षांत असा योगायोग मी कुठल्याच चालत्या धंद्यात बघितला नाही. जुळतात कारण जेवढी तूट येते तेवढे पैसे विद्यार्थ्यांच्या फीमधून आणि जनरल फंडातून ओतले जातात आणि ओतलेले पैसे "उत्पन्न" म्हणून लिहिले जातात. त्या फॉर्ममध्ये हे चालतं, बेकायदा काही नाही, बरीच विद्यापीठं असंच करतात. पण त्याच्यावरून "प्रोग्रॅम स्वतःच्या पायावर उभा आहे" असं भाषणात सांगणं ही शुद्ध धूळफेक आहे.

एनसीएएला, म्हणजे कॉलेजांच्या खेळांचे नियम ठरवणाऱ्या संघटनेला, जो वेगळा रिपोर्ट जातो त्यात हे लपत नाही, कारण तिथे तिकीटविक्री, टीव्हीचे पैसे, देणग्या ह्या ओळी वेगळ्या आणि विद्यार्थी फी, विद्यापीठाची थेट मदत, अप्रत्यक्ष मदत ह्या वेगळ्या. पहिल्या कमाईच्या, दुसऱ्या सबसिडीच्या. ह्याच पद्धतीने मोजून एनसीएएनेच सांगितलं होतं की २०१९ मध्ये पूर्ण डिव्हिजन वनमध्ये, म्हणजे सगळ्यात वरच्या विभागातल्या साडेतीनशेच्या आसपास कॉलेजांमध्ये फक्त २५ अ‍ॅथलेटिक्स डिपार्टमेंट्सनी खर्चापेक्षा जास्त कमावलं, आणि ते सगळे टीव्हीचे मोठे करार असलेल्या बड्या कॉन्फरन्समधले (कॉन्फरन्स म्हणजे आपसात खेळणाऱ्या कॉलेजांचा गट). आपण त्यात नाही, कधीच नव्हतो, आणि नसण्यात लाज वाटण्यासारखंही काही नाही. पण मग तसं सांगा ना. हा रिपोर्ट तुम्ही वेबसाइटवर टाकत नाही, मला तो पब्लिक रेकॉर्ड्सचा अर्ज (आपल्याकडच्या माहिती अधिकारासारखा) करून मागवावा लागला आणि आला तो स्कॅन केलेला, तिरका, आकडे सर्च होणार नाहीत असा. झाकली मूठ सव्वा लाखाची, दुसरं काय.

शिवाय हा रिपोर्ट म्हणजे ऑडिट नव्हे. बाहेरचा सीपीए (इथला सीए) येतो, आधी ठरवून दिलेल्या गोष्टी तपासतो, काय सापडलं ते लिहितो, हिशोब बरोबर आहे असं मत तो देत नाही. तुमच्यातल्या एका सदस्यांनी पेपरला सांगितलं की "आमचं ऑडिट झालेलं आहे". पहिल्या पानावर स्पष्ट लिहिलंय की हे ऑडिट नाही. वाचा एकदा.

आता त्या रिपोर्टमधला एक कॉलम, ज्याच्यासाठी मी खरं तर हे पत्र लिहायला बसले. फुटबॉलचा कॉलम आहे, पुरुष बास्केटबॉलचा आहे, महिला बास्केटबॉलचा आहे, बाकी खेळांचा आहे, आणि शेवटी एक कॉलम आहे "कुठल्याच खेळाचा नाही" असा. कुठल्याच खेळाचा नसलेला खर्च कुठला, तर अ‍ॅथलेटिक डायरेक्टर आणि त्यांच्या हाताखालचे असोसिएट, असिस्टंट, डेप्युटी डायरेक्टर ह्यांचे पगार, मार्केटिंग, विमा, आणि सगळ्यात मोठी रक्कम म्हणजे बांधकामाच्या कर्जाचे हप्ते आणि व्याज. बांधकाम कशाचं? स्टेडियमच्या पश्चिमेकडच्या टॉवरचं, जिथे मॅच बघायला भाड्याने देतात ते काचेचे सुईट आहेत. त्या टॉवरमध्ये पोहतात का? तिथे सॉफ्टबॉल होतं का? पण कर्ज मात्र "कुठल्याच खेळाचं नाही". आणि त्या सुईट्सचं भाडं? ते फुटबॉलच्या कॉलममध्ये, उत्पन्नात. मॅच जिंकली की देणगी आली तर ती फुटबॉलची, टीव्हीचे पैसे फुटबॉलचे, स्टेडियमचं व्याज सगळ्यांचं. माझ्या हॉस्पिटलमध्ये कुणी सर्जरीचं बिल सर्जरीच्या खात्यात आणि ऑपरेशन थिएटरचा खर्च "सामान्य" मध्ये टाकून सर्जरी नफ्यात दाखवली असती तर दुसऱ्या दिवशी त्याला बोलावणं आलं असतं.

आणि मग बजेट कमी पडलं की कात्री कुणाला लागते, तर टेनिसला आणि पोहण्याला, कारण ते "तोट्यात" आहेत!

कॅलिफोर्नियात बर्कलीच्या विद्यापीठात काय झालं ते तुम्हाला माहीत असेलच. १९२३ चं मेमोरियल स्टेडियम, हेवर्ड फॉल्ट ही भूकंपाची भेग त्याच्या पोटाखालून जाते, ते दुरुस्त करून २०१२ मध्ये पुन्हा उघडलं, सोबत खेळाडूंसाठी नवी इमारत, आणि कर्ज ४० कोटी डॉलरच्या वर. हिशोब असा मांडला होता की सीट्स दीर्घ मुदतीने विकायच्या आणि त्यातून कर्ज फिटणार. सीट्स तेवढ्या विकल्या गेल्या नाहीत. २०१८ मध्ये त्या कर्जाचा अर्ध्याहून मोठा भाग अ‍ॅथलेटिक्सच्या वहीतून काढून कॅम्पसच्या वहीत टाकला. अ‍ॅथलेटिक्सची तूट एका रात्रीत लहान झाली, बँकेचं देणं मात्र तेवढंच राहिलं. ह्याची टोपी त्याच्या डोक्यावर. तुम्ही परवा हप्ते पुढे ढकललेत ती ह्याच रस्त्यावरची पहिली पायरी आहे असं मला वाटतं, आणि माझं चुकत असेल तर परतफेडीचं वेळापत्रक दाखवा, मी जाहीरपणे मान्य करीन.

आता जे बोलणार आहे ते फुटबॉलच्या बाजूचं आहे, कारण हिशोब म्हटला की दोन्हीकडून सरळ पाहिजे.

स्कॉलरशिप. आत्ताआत्तापर्यंत फुटबॉलला ८५ फुल स्कॉलरशिप्सची मर्यादा होती. तुमच्या वहीत प्रत्येक स्कॉलरशिप पूर्ण छापील ट्यूशनने धरली जाते, परराज्यातला मुलगा असेल तर परराज्याच्या दराने. अ‍ॅथलेटिक्स डिपार्टमेंट तो पैसा विद्यापीठाला "देतं", विद्यापीठाला तो "मिळतो", ह्या खिशातून त्या खिशात. पण जागा रिकाम्या असलेल्या वर्गात अजून एक मुलगा बसवायला विद्यापीठाला खरोखर किती खर्च येतो? राहणं, जेवण, पुस्तकं हा खरा खर्च, बाकी बराचसा कागदी. म्हणजे इथे फुटबॉलचा तोटा खऱ्यापेक्षा मोठा दिसतो.

बर्मिंगहॅमच्या अलाबामा विद्यापीठात, म्हणजे यूएबीमध्ये, ह्याच मुद्द्यावरून रामायण झालं. डिसेंबर २०१४ मध्ये त्यांच्या अध्यक्षांनी एका सल्लागाराच्या अहवालाचा आधार घेऊन फुटबॉल बंद केलं, सोबत बोलिंग आणि रायफलही. गावात गदारोळ. नंतर दुसऱ्या अर्थतज्ज्ञांनी तीच आकडेवारी घेतली, स्कॉलरशिप छापील किमतीऐवजी खऱ्या खर्चाने धरली, उत्पन्न ज्या खेळाचं त्याच्या नावावर लावलं, आणि सांगितलं की बंद करून काही वाचत नाही. जून २०१५ मध्ये निर्णय फिरवला, २०१७ ला टीम परत मैदानात. मुलं तीच, मैदान तेच, फक्त खर्च धरायची पद्धत बदलली आणि एक टीम मेली आणि जिवंत झाली. त्यामुळे खर्च कसा धरायचा हे जर इतकं ठरवणारं असेल तर ते नियम कुणी लिहिलेत, कुठे लिहिलेत, बोर्डाने ते कधी पास केलेत? मी मागितले होते. उत्तर आलं की असा दस्तऐवज अस्तित्वात नाही.

बारीकसारीक अजून बरंच आहे. नोव्हेंबरमध्ये आपल्या मॅचेस मंगळवारी, बुधवारी रात्री असतात कारण त्या दिवशी टीव्हीला दुसरं काही दाखवायला नसतं. त्या दिवशी दुपारीच लॅबमागचा पार्किंग लॉट रिकामा करून घेतात. भाच्याचा प्रयोग चालू होता, तो गाडी हलवायला बाहेर गेला, परत येईतो रीडिंग चुकलं, वर गाडीला तिकीट चिकटवलेलं. रात्री थंडीत स्टँड अर्धेअधिक रिकामे, हे टीव्हीवरच दिसतं. त्या रात्रीचा पोलिसांचा ओव्हरटाइम, शटल बस, सफाई हे कुठे जातं? कॅम्पस सेफ्टी आणि फॅसिलिटीजच्या बजेटमध्ये. फुटबॉलच्या वहीत त्याचा फक्त एक अंदाजी आकडा येतो, आणि मला मिळालेल्या तीन वर्षांच्या रिपोर्टमध्ये तो आकडा तसाच्या तसा आहे.

जुन्या कोचला काढलं, त्याचं उरलेलं कंत्राट आपण अजून फेडतोय, नव्याचा पगार चालू आहे. टेक्सास ए अँड एम विद्यापीठाने २०२३ मध्ये कोच जिंबो फिशरला काढताना साडेसात कोटी डॉलरच्या वर कबूल केले, त्यांच्याकडे तेलवाले देणगीदार आहेत. आपल्याकडे देणगीदार कोण आहे? नर्सिंगच्या पोरी.

आणि आता नवीन भर. ६ जून २०२५ ला हाउस खटल्याची, म्हणजे खेळाडूंनी एनसीएएवर पैशांसाठी केलेल्या खटल्याची, तडजोड कोर्टाने मंजूर केली, त्यामुळे कॉलेजं आता खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, पहिल्या वर्षाची कमाल मर्यादा २ कोटी ५ लाख डॉलर. माझ्या मते हे व्हायलाच हवं होतं, पोरं डोकी आपटून घेतात आणि पैसे कोच नेतात हे किती दिवस चालणार. पण हे ऐच्छिक आहे, सक्ती कुणावर नाही. तुम्ही सामील व्हायचं ठरवलंत, छान, पैसे कुठून येणार हे ठरावात एका शब्दाने नाही. टेनेसी विद्यापीठाने सीझन तिकिटावर १० टक्के "टॅलेंट फी" लावली, म्हणजे जो बघतो तो भरतो. तुम्ही लावलीत ती जो बघत नाही त्याच्यावर. वरून त्याच तडजोडीप्रमाणे मागच्या खेळाडूंची २८० कोटी डॉलरच्या घरातली भरपाई दहा वर्षांत द्यायची आहे आणि त्यासाठी एनसीएएकडून सगळ्या डिव्हिजन वन कॉलेजांना येणाऱ्या वाट्यालाही कात्री लागणार. हे खड्डे तुमच्या पाच वर्षांच्या अंदाजपत्रकात मला दिसले नाहीत.

तुमचं नेहमीचं उत्तर ठाऊक आहे: फुटबॉल ही जाहिरात आहे, त्याच्यामुळे अर्ज वाढतात, नाव होतं. १९८४ चा बोस्टन कॉलेजच्या डग फ्लूटीचा तो मॅच जिंकून देणारा शेवटच्या सेकंदाचा पास प्रत्येक प्रेझेंटेशनमध्ये असतोच. त्या कॉलेजचे अर्ज त्या पासच्या आधीपासूनच वाढत होते हे सांगत नाहीत. तरी वादापुरतं मान्य. जाहिरात आहे ना, मग जाहिरातीच्या बजेटमध्ये टाका, ॲडमिशन ऑफिसला त्याचा जाब विचारा, किती खर्च केला आणि किती पोरं आली ते मोजा.

दुसरीकडे हे होऊ शकतं. व्हर्जिनिया राज्याने २०१५ मध्ये कायदाच केला की खेळांच्या उत्पन्नात विद्यार्थी फी आणि सबसिडीचा वाटा किती असावा ह्याला मर्यादा, सगळ्यात बड्या कॉन्फरन्समधल्यांना २० टक्के, त्याखालच्या फळीला ५५. जेम्स मॅडिसन विद्यापीठ २०२२ मध्ये खालून ह्या ५५ वाल्या फळीत चढलं तेव्हा त्यांना आधी राज्याच्या कमिशनसमोर जाऊन पैसे कुठून येणार ते मांडावं लागलं. तिथली फी काही कमी नाही, वर्षाला २,००० डॉलरच्या वर गेलेली आहे, त्यामुळे तो स्वर्ग आहे असं मी म्हणत नाही. पण भरणाऱ्याला कळतं तरी.

तर मागण्या. फुटबॉल बंद करा ही त्यात नाही.

बिलावर अ‍ॅथलेटिक्स फीची ओळ वेगळी दाखवा, डॉलरमध्ये, पुढच्या सेमिस्टरच्या बिलापासून. ह्याला सॉफ्टवेअरमध्ये बदल लागतो वगैरे सांगू नका, पार्किंगच्या दंडाची वेगळी ओळ तुम्हाला बरोब्बर घालता येते.

एनसीएएचा रिपोर्ट, मागच्या पाच वर्षांचा, वेबसाइटवर टाका, सरळ वाचता येईल असा, एक्सेलमध्ये.

फुटबॉलचा स्वतंत्र जमाखर्च दरवर्षी एका पानात द्या. वर कमाई, खाली सबसिडी, दोन्ही एकत्र बेरीज करायच्या नाहीत. स्टेडियमचं कर्ज, पोलीस, साहेब लोकांचे पगार ह्यातला फुटबॉलचा वाटा कशाच्या आधारावर काढला तो नियम सोबत लिहा आणि तो बोर्डाने पास केलेला असावा. स्कॉलरशिप दोन्ही प्रकारे दाखवा, छापील आणि खऱ्या खर्चाने. त्यात फुटबॉलची बाजू सुधारली तर मला आनंदच आहे.

राखीव निधीतल्या उचलीचं व्याज किती, हप्ता किती, शेवटचा हप्ता कधी, हे जाहीर करा. पैसे परत येणारच नसतील तर कर्ज म्हणू नका, अनुदान म्हणा आणि तसा ठराव करा.

खेळाडूंना द्यायच्या पैशात विद्यार्थी फीचा एक डॉलर जाणार नाही असं लेखी द्या. किंवा जाणार असेल तर तसं लेखी द्या.

आणि हे सगळं समोर येईपर्यंत फीवाढ थांबवा. नंतर वाढवायची असेल तर विषय रेग्युलर अजेंड्यावर घ्या आणि आधी विद्यार्थ्यांचं मतदान घ्या, ग्रॅज्युएट आणि इंटरनॅशनल विद्यार्थ्यांसकट, कारण पैसे त्यांचेही घेता.

पुढच्या मीटिंगला पब्लिक कमेंटसाठी माणशी तीन मिनिटं मिळतात. मी नाव नोंदवलंय, मुलीनेही, आणि अजून काही पालक नोंदवतायत. नियमाप्रमाणे मीटिंगची कागदपत्रं आधी प्रसिद्ध करावी लागतात, त्यात कर्जाचं वेळापत्रक आणि खर्चवाटणीचा नियम जोडा, म्हणजे त्या तीन मिनिटांत मला कागद मागत बसावं लागणार नाही, आकड्यांवर बोलता येईल.

आपली,
एका विद्यार्थिनीची आई आणि एका विद्यार्थ्याची मामी